जन्मभराची ओवाळणी

भरतेश मगदूम दर भाऊबीजेला बहिणीच्या ताटात एक सुपारी टाकायचा. साडी नाही, पाकीट नाही, नुसती सुपारी. ती टाकली की पाटावर बसल्या बसल्याच छाती फुगवून म्हणायचा, "ओवाळणी आपण एकदाच दिलीया. जन्मभर पुरंल!"

ज्यांना ठाऊक नव्हतं ते त्याला चिक्कू समजत. जयसिंगपुरात भडंगाचं एवढं चालतं दुकान, याच्या बिनलसणाच्या भडंगासाठी लोक बेळगावहून गाड्या काढून येतात, आणि एकुलत्या एका बहिणीला सुपारी! ज्यांना ठाऊक होतं ते मात्र हसून गप्प बसत, कारण ओवाळणी त्यानं खरंच दिली होती. त्रिशला आठ वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी गेला, परत आला. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता हिच्या हाडांतला सगळा मगज जाळून टाकायचा आणि तिथं दुसऱ्या कुणाचा तरी पेरायचा. जुळला तो भावाचा. तेरा वर्षांचा भरतेश सुईला विलक्षण भ्यायचा. मुंगी चावल्यासारखं वाटेल अशी थाप मारून त्याला आत नेलं, कमरेच्या हाडातून मगज काढला आणि बहिणीला चढवला.

तो शुद्धीवर आला तेव्हा सूर्य बुडाला होता. सकाळपासून उपाशी ठेवलेलं पोर. नर्सनं दूध आणलं तर त्यानं मान फिरवली. सूर्यास्तानंतर अन्न घ्यायचं नाही ही जैनांची रीत मगदुमांच्या घरात पिढ्यान्पिढ्या कडक पाळलेली. आई रडत रडत म्हणाली, "आज चालतंय रे बाळा," तरी ऐकेना. उजाडेपर्यंत तसाच पडून राहिला. तो नेम त्यानं पुढंही कधी मोडला नाही. लग्नाच्या दिवशी वरात लांबली तेव्हा नवरदेव उपाशीच झोपला होता, ही गोष्ट जयसिंगपुरात अजून चवीनं सांगतात.

त्रिशला जगली. तिचा रक्तगट बदलून भावाचा झाला. रक्तातली गुणसूत्रं तपासली की अहवालात ती पुरुष निघायची, आणि त्यावरून भरतेशनं तिला आयुष्यभर चिडवलं. ती रडायला लागली की म्हणायचा, "गप. माझं रक्त हाय तुझ्या अंगात, असलं मुळूमुळू रडतंय व्हय ते?" लहानपणीच्या औषधांनी तिला मूल होणार नव्हतं. हे तिनं सांगून आलेल्या प्रत्येक स्थळाला स्पष्ट सांगितलं आणि स्थळं चहा पिऊन निघून गेली. तिनं त्याचा बाऊ केला नाही. सांगलीत एका शाळेत चित्रकला शिकवायची, दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची, रविवारी जयसिंगपूरला जाऊन भावाशी भांडून यायची. वाईट चाललं नव्हतं तिचं.

यंदा श्रावण संपता संपता मनगटावरची पट्टी कुरकुरायला लागली. या पट्ट्या आता शाळेतल्या पोरांच्याही हातात असतात. घामावरूनच पट्टीला रक्तातलं कळतं. त्रिशलानं आधी ती काढून कपाटात टाकली. मग पायऱ्या चढताना दम लागायला लागला, दंडावर निळे डाग उठले, आणि ती निमूटपणे मिरजेला डॉक्टर फरीदा मुजावरांकडे गेली. फरीदा रक्तविकारांची डॉक्टर होती आणि जनुकांतले फरक वाचणं हा तिचा खास अभ्यास. बोलायला फटकळ, पण पेशंटचा हात हातात घेऊन बोलायची.

"जुना आजार नाहीये हा," फरीदा म्हणाली. "तो केव्हाच मेला. हा नवा आहे. आणि त्रिशलाताई, तो तुमच्या पेशींना झालेला नाही. तुमच्या भावाच्या पेशींना झालाय."

त्रिशलाला काही क्षण कळलंच नाही. मग ती ताडकन उठली. "दादाला काय झालंय?"

"बसा. ते अजून मलाही माहीत नाही."

फरीदानं तिला आतल्या खोलीत नेलं. तिथं कपाटाएवढं एक यंत्र मंद घुमत होतं. प्रयोगशाळेतली माणसं त्याला हेळवी म्हणत. बैलावर बसून गावोगाव फिरणारे आणि घराघराच्या पिढ्या घडाघडा सांगणारे हेळवी या भागात सगळ्यांना माहीत. हे यंत्रही तेच करायचं, फक्त माणसांऐवजी पेशींच्या पिढ्या सांगायचं.

"तुम्ही चित्रकला शिकवता ना?" फरीदानं विचारलं. "वर्गात पोरं एकमेकांची चित्रं बघून काढतात?"

"काढतात की. कितीही ओरडा."

"मग समजा एकानं कावळ्याला चुकून तीन पाय काढले. त्याच्यावरून ज्यांनी काढलं त्यांच्याही कावळ्याला तीन पाय. त्यातल्या एकानं शेपूट वाकडी काढली, तर त्याच्या मागच्यांचे कावळे तीन पायांचे आणि वाकड्या शेपटीचे. नुसती चित्रं बघून तुम्ही सांगाल, कुणी कुणाचं बघितलं."

त्रिशला इतक्या अवस्थेतही हसली. हे तिनं प्रत्यक्षात कैकदा केलं होतं आणि पोरांचे कानही पिळले होते.

"पेशींचं तसंच," फरीदा म्हणाली. "प्रत्येक पेशीत तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर. पेशीची दुसरी पेशी होताना तो सगळा उतरवून काढायचा. थोडं चुकतंच. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीत वर्षाला पंधरा-वीस अक्षरं बदलतात. बहुतेक बदलांनी काही बिघडत नाही, पण ते पुसलेही जात नाहीत. हेळवी एकेक पेशी सुटी करून वाचतो. ज्यांच्यात सारखे बदल, त्या एका आईच्या. असं करत मागे जात जात सगळं झाड उभं राहतं. आणि बदल ठरावीक गतीनं साठत असल्यामुळे कुठली फांदी कधी फुटली तेही सांगता येतं."

"मग माझी ही फांदी..."

"तेच बघायचंय. एका पेशीत एक वाईट बदल झाला. तिची पिल्लावळ वाढत गेली आणि आता ती तुमच्या रक्तात माजलीये. तो बदल तुमच्या अंगात आल्यानंतर झाला असेल, तर प्रश्न तुमच्यापुरता. पण भावाकडून येण्याआधीच तो झालेला असेल, तर भावाच्या हाडांतही त्या पेशी असतील. त्यांच्यात कदाचित अजून झोपलेल्या. लवकर सापडल्या तर आता गोळ्यांनी खुडून टाकता येतात."

"आणि माझ्या?"

फरीदानं तिचा हात धरला. तिच्या रक्तात त्या पेशींचं रान फार माजलं होतं. पुन्हा मगज बदलावा तर आधी जी जहाल औषधं द्यावी लागतात ती तिचं हृदय सोसणार नव्हतं. लहानपणीच्या औषधांनी ते आधीच थकलं होतं. नव्या औषधांनी काही महिने मिळतील, चांगले मिळतील, एवढं फरीदा म्हणाली. खोटी आशा तिनं दाखवली नाही.

परतताना सांगलीच्या बसमध्ये त्रिशला खिडकीला डोकं टेकून बसली. मरणाचं दुःख व्हायला हवं होतं, ते अजून पोचलंच नव्हतं. मनात एकच धोशा होता: तो बदल माझ्या अंगात झालेला असू दे. दादाचा काही संबंध नसू दे. आठवड्यानं फरीदाचा फोन आला. बदल सुई टोचण्याच्या आधीचा होता, काही महिने आधीचा. भावाला तपासायलाच हवं होतं.

ती जयसिंगपूरला गेली तेव्हा भरतेश मोठ्या परातीत चुरमुऱ्यांना तिखट-मीठ चोळत बसला होता. कोपरापर्यंत हात लाल. तिला बघून म्हणाला, "आलीस व्हय? सुकलीयास किती! शाळेत काय फळा खाऊन राहतीस?"

वाटभर तिनं वाक्यं जुळवली होती. तुझ्याच मगजातून मला हे आलं असं सांगायचं, आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. तीस वर्षांत त्यानं स्वतःबद्दल कौतुकानं सांगितलेली गोष्ट एवढी एकच होती. दुकान वडिलांचं, घर आजोबांचं. बहिणीचा जीव मात्र त्यानं स्वतः वाचवलेला. तोच अभिमान तिनं उपटून काढायचा? तिची जीभ रेटेना.

"आजार परत आलाय, दादा," ती एवढंच म्हणाली.

त्याचे हात परातीत थांबले. मग तो उठला आणि लाल हातांनीच शर्टाची बाही वर सारायला लागला. "मग बसलीस काय? चल की. परत घे. काय पाहिजे तेवढं घे! अजून हाडं शाबूत हायत माझी."

"आधी रक्त तपासायचंय तुझं."

"तपासा. काय तपासायचं ते सगळं तपासा!"

ती मान खाली घालून चुरमुरे निवडत राहिली. अर्धं सांगून तिनं त्याला सुईपर्यंत आणलं होतं, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटत होती.

मिरजेला तो दोन पिशव्या भडंग घेऊन आला. नर्सना मूठमूठ वाटलं, वॉचमनला दिलं, रांगेतल्या अनोळखी बाईला सांगितलं, "बहिणीला दुसऱ्यांदा देतोय. पहिली खेप तेराव्या वर्षी." सुई बघून त्याचा चेहरा पांढरा पडला, तरी डोळे मिटून त्रिशलाचा हात घट्ट धरून म्हणाला, "मुंगी चावतीया नुसती." रक्त झालं, कमरेतून चिमूटभर मगजही घेतला. लंगडत बाहेर येताना असा खूश होता की जणू निवडणूक जिंकून आलाय. त्रिशला त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

निकालाच्या आधी ती एकटीच फरीदाला भेटली. "त्याला एवढंच सांगा की माझ्या हृदयाला झेपणार नाही म्हणून मगज घेता येत नाही. ते खरंच आहे ना?"

"खरं आहे."

"बाकीचं सांगू नका. त्याच्यात दोष निघाला तर... तर बघू. नाही निघाला तर कशाला सांगायचं?"

फरीदानं पेन खाली ठेवलं. "निकाल त्यांचा आहे, तो त्यांनाच सांगणार," ती म्हणाली. "बाकीचं त्यांनी विचारलं नाही तर मी आपण होऊन सांगणार नाही. विचारलं तर मात्र खोटं बोलणार नाही."

तिघं समोरासमोर बसली. भरतेशनं ठेवणीतला शर्ट घातला होता.

"तुमचं रक्त स्वच्छ आहे," फरीदा म्हणाली. "मगजही. काहीही वावगं नाही."

त्रिशलाच्या सर्वांगातून इतका आनंद धावला की ती आजारी आहे हेच विसरली. भरतेशनं मांडीवर थाप मारली. "म्हणलं नव्हतं? मग कधी घेताय?"

फरीदानं हृदयाचं सांगितलं. सावकाश, दोनदा सांगितलं. भरतेशचा चेहरा उतरत गेला. मग तो पुन्हा फरीदाकडे वळला आणि हट्टानं म्हणाला, "पण मला एक कळंना झालंय. हिच्या अंगात रक्त माझं. माझं रक्त स्वच्छ. मग ह्यो आजार झाला कुणाच्या रक्ताला?"

तीस वर्षं थट्टेत म्हटलेलं वाक्य त्यानं स्वतःच पुढं ठेवलं होतं. त्रिशलानं फरीदाकडे हात जोडल्यासारखं बघितलं. फरीदानं डोळे मिटले, उघडले, आणि पडद्यावर दोन झाडं काढली.

एक त्याच्या मगजाचं, एक तिच्या. दोन्ही बुंध्याशी एकच होती. फरीदानं बोटानं एक फांदी दाखवली. दोन्ही झाडांत ती होती. तिला दोन डहाळ्या फुटलेल्या. एक भरतेशच्या झाडात अजून हिरवी होती. दुसरी फक्त त्रिशलाच्या झाडात, आणि ती वाढून वाढून पडद्याच्या बाहेर गेली होती.

"तुम्ही तेरा वर्षांचे असताना तुमच्या एका पेशीत वाईट बदल झाला," फरीदा म्हणाली. "तेव्हा ती एकटी होती, फार तर तिच्यासारख्या दोन-चार. आम्ही तुमच्या लाखो पेशी वाचल्या, आज तुमच्यात तिच्या वंशातली एकही नाही. दुसऱ्या कुठल्या कारणानं ती मेली असेल असंही होऊ शकतं. पण माझ्या मते ती सुईतून निघून आली."

"हिच्यात," भरतेश म्हणाला.

"हो."

"म्हणजे ते मी दिलं."

"तुम्ही दिलं नाही हो. कुणाला दिसणारं नव्हतं ते, तेव्हा असलं यंत्रच नव्हतं."

"दादा," त्रिशला घाईनं म्हणाली, "उलटं बघ की. तुझ्यात राहिली असती तर तू... बरं झालं ना ती माझ्याकडे आली? मला खरंच बरं वाटतंय रे!" आणि ते अक्षरशः खरं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते सुटकेचं होतं.

पण तो ऐकत नव्हता. तो पडद्यावरच्या त्या डहाळीकडे बघत होता. मग उठला, दार ढकलून निघून गेला. त्याची भडंगाची पिशवी खुर्चीवर तशीच राहिली.

त्यानंतर त्यानं तिचा फोन उचलला नाही. वहिनी म्हणाली, दुकान उघडतात, चुरमुरे भाजतात, बोलत नाहीत. एकदा म्हणाली, कमरेवरचा तो जुना व्रण चोळत बसतात सारखे. त्रिशलाच्या मनात आलं, आजारानं मेले तरी चालेल, पण या अबोल्यात मरायचं नाही. ती त्याच्यावर चिडली, मग स्वतःवर चिडली, मग दिवाळी आली.

भाऊबीजेला तो दरवर्षी चारच्या सुमाराला यायचा, म्हणजे सूर्य असेपर्यंत ओवाळणं आणि जेवण दोन्ही उरकायचं. त्रिशलानं बसून बसून स्वयंपाक केला. पुरणपोळी, कटाची आमटी, तांदळाची खीर. उभं राहवत नव्हतं, तरी पाटाभोवती रांगोळी स्वतः काढली. चार वाजले. खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून निघून गेलं. समोरच्या इमारतींत पणत्या लागल्या. तिनं खिरीवर झाकण ठेवलं आणि निरांजन आत न्यायला उचललं.

तेवढ्यात दार वाजलं.

भरतेश उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट ढगळ झालेला. "स्टँडवर बसलो होतो," तो म्हणाला. "दुपारपासनं. पाय उचलंना."

तिनं त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात तो एकदम म्हातारा दिसला. त्यानं खिशातून एक डबी काढली आणि ताटात ठेवली. आईच्या पाटल्या होत्या.

"हे काय?" त्रिशला म्हणाली. "माझी सुपारी कुठाय?"

"कुठल्या तोंडानं टाकू, त्रिशे?"

मग मात्र तिचा बांध फुटला. "आठव्या वर्षी मरणार होते मी, दादा! विसरलास? त्यानंतरचं सगळं जगणं तुझ्या मगजावर जगले. पोरांचे कान पिळले, गोव्याचा समुद्र बघितला, तुझ्याशी भांडले, आईला शेवटी मांडीवर घेतलं. एक पेशी वाईट निघाली. बाकीच्या लाखभर चांगल्या होत्या, त्यांनी मला इतकी वर्षं सांभाळलं. त्यांचं काहीच नाही? आत्ताच्या आत्ता सुपारी टाक. नाहीतर ऊठ आणि जा."

त्याचा हात दुसऱ्या खिशात गेला. सुपारी होती. आणली होती त्यानं, टाकायचा धीर नव्हता. ती ताटात पडली, टकटक करत कडेला गेली आणि थांबली.

"ओवाळणी एकदाच..." तो म्हणाला, आणि पुढं त्याला बोलवेना. तोंडावर हात घेऊन लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. त्रिशलानं ताट बाजूला सारलं आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तिचा खांदा आता किती हाडकुळा झालाय हे त्याला लागलं असणार, कारण तो आणखीच रडला.

बऱ्याच वेळानं ती भिंतीला धरून उठली. "डबा भरून देते," ती म्हणाली. "सकाळी खा. खीर वहिनीला पण दे."

"वाढ," तो म्हणाला.

तिला वाटलं, त्याच्या लक्षात आलं नाही. "दादा, सूर्य बुडालाय."

"दिसतंय मला. ताट वाढ."

 पुढच्या भाऊबीजेला वाढायला ती असणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती आत गेली, पानात पोळी ठेवली, तिच्यावर तुपाची धार धरली. तूप जरा जास्तच पडलं. भरतेशनं हात जोडले, ओठांतल्या ओठांत काही म्हणाला, बहुधा क्षमा मागितली असावी. मग त्यानं घास तोडला आणि खाल्ला. बाहेर पूर्ण काळोख झाला होता.

"अजून एक घे," त्रिशला म्हणाली.

"घाल."

ती त्याच्या समोर बसून त्याला आग्रह करकरून वाढत राहिली, आणि तो नको न म्हणता जेवत राहिला.